गटातल्या एकाने रात्री औषध मारलं. आता त्याचं काय करायचं?

काळी माती | २ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी, मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. आज लिहायला बसलो कारण चार दिवस झाले, झोप नाही.

मी वर्धा जिल्ह्यातला. साडेचार एकर वावर, एक विहीर, तीही फेब्रुवारीत तळ दाखवते. सहा वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणांनी सेंद्रिय गट केला. पहिल्या दोन वर्षांत उत्पन्न पडलं, चार जण गळाले, सात उरलो. आमची तूरडाळ, गहू, जवस, थोडी हळद नागपूर-वर्ध्याच्या साठेक घरांत जाते. पीजीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेती तपासून दिलेलं प्रमाणपत्र आहे, पण ती माणसं कागद बघून घेत नाहीत. दरवर्षी जानेवारीत वावरात येतात, तुरीच्या शेंगा उकडून खातात, पोरं बैलगाडीत बसतात. घेतात ते आमच्या तोंडाकडे बघून.

मागच्या आठवड्यात सलग चार दिवस आभाळ राहिलं. तूर फुलोऱ्यातून शेंगांवर आलेली आणि शेंगा पोखरणारी घाटेअळी तुटून पडली. गटातल्या आमच्या सगळ्यात जुन्या सोबत्याने एका रात्री बॅटरी लावून दोन एकरांत औषध मारलं. रासायनिक. सकाळी दुसऱ्या एकाला धुऱ्यावर (बांधावर) रिकामी बाटली दिसली. विचारलं तर खोटं बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मार्चमध्ये पोरीचं लग्न आहे. तूर गेली असती तर काय विकलं असतं?"

आता तीन जण म्हणतात काढून टाका. दोघे म्हणतात यंदा गप्प बसा, त्याचा माल वेगळा विकू. मला दोन्ही पटत नाही. गट मी उभा केला, पहिली बैठक माझ्याच ओसरीवर झाली होती, म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. ज्यांनी असे गट चालवले आहेत त्यांनी सांगा, काय करू? आणि घेणाऱ्या घरांना सांगायचं की नाही?

रानवारा | २ डिसेंबर, रात्री १०.०५

काढा. आज एकाला सोडलं तर पुढच्या आभाळात सातही बाटल्या निघतील.

भुईमूग | २ डिसेंबर, रात्री ११.२०

काळी मातीभाऊ, घाईत काही करू नका. मी नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) तीन पीजीएस गटांच्या नोंदींचं काम बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पीजीएस इंडिया २०११ मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने सुरू केली, गाझियाबादच्या सेंद्रिय शेती केंद्राकडून ती चालते. तिचा कणाच हा की तपासायला बाहेरचा अधिकारी येत नाही. गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतात जाऊन बघतात, लिहितात, सही करतात. म्हणजे ती बाटली तुमच्याच सदस्याला दिसली यात पद्धत फसली असं काही नाही. हेच तिचं काम आहे.

आता नियमाचं. बंदी असलेलं औषध पडलं की त्या माणसाचा सेंद्रिय दर्जा जातो आणि संक्रमणाचा, म्हणजे रासायनिकवरून सेंद्रियवर येण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, फळबागेला तीन. पण त्याला गटातूनच काढा असं काही नाही. कारवाई गटाने बैठकीत ठरवायची आणि नोंदवहीत लिहायची. गप्प बसायचं म्हणणाऱ्या दोघांना सांगा, लपवलं आणि नंतर कळलं तर एकाचं नाही, सातही जणांचं प्रमाणपत्र धोक्यात.

आणि एक हिशेब करून ठेवा. गटाला किमान पाच शेतकरी लागतात. तुम्ही सात आहात. एकाला काढलं आणि त्याच्या बाजूचे दोघे उठून गेले तर चार उरतात. मग गटच नाही.

पऱ्हाटी | ३ डिसेंबर, सकाळी ६.१५

भाऊ, मी यवतमाळकडचा. त्या माणसाले शिव्या देऊ नका, त्याच्या जवळ बसा.

२०१७ चं साल आठवते का? आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करता विसापेक्षा जास्त माणसं मेली. शेकड्यानं दवाखान्यात गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या साली डोक्याच्या वर गेली होती, फवारा मारला की तो आपल्याच तोंडावर येई. माझ्या शेजारच्या वावरातला मजूर दोन दिवस डोळे उघडत नोता. त्याले दिसते का नाही म्हणून त्याची बायको त्याच्या डोळ्यापुढं हात हलवून पाहे. तो वाचला. मी त्याच साली पंप माळ्यावर टाकला.

पण पंप टाकणं सोपं नसते. घाटेअळी आली की रात्री झोप नाही येत, ते मले मालूम हाय. कानात कोणीतरी म्हणत राह्यते, अजून टाइम हाय, मार, मार. मी दोनदा पंप खाली उतरवला होता. एकदा बायकोनं हात धरला. दुसऱ्यांदा बी तिनंच.

एक ग्राहक | ३ डिसेंबर, सकाळी १०.३०

मी पुण्यात राहते. सात वर्षं एका गटाकडून धान्य घेते, म्हणून घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आम्हाला सांगा. नक्की सांगा.

माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा मी सेंद्रिय घ्यायला लागले. तेव्हा मला ते औषधासारखं वाटायचं, शुद्ध असलंच पाहिजे. नंतर शेतावर जायला लागले. एका वर्षी गारपिटीत त्यांचा गहू आडवा झालेला पाहिला आणि त्याच वर्षी मी त्यांच्याशी भाव करत होते. अजून लाज वाटते. शेंगेच्या आतल्या दाण्यात त्या औषधाचा अंश किती उतरेल, हे प्रयोगशाळा सांगेल. माझा प्रश्न तो नाही. मला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मी तुमच्याकडून पुन्हा घेणार नाही. तुम्ही स्वतः सांगितलंत तर मी त्या दादांची तूर साधी तूर म्हणून, साध्या भावाने, घेईनसुद्धा.

हिशेबनीस | ३ डिसेंबर, दुपारी १.१०

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून एक कडू गोष्ट मांडतो. मी शेती करतो, रसायन वापरतो, मोजून वापरतो. सेंद्रियचा शत्रू नाही.

श्रीलंकेत एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली. भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला, नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. वरून लादलेलं असं कोसळतं, हे सगळेच म्हणतात. पण खालून उभ्या राहिलेल्या गटांतही एक चूक असते, ती कुणी बोलत नाही. धोका सगळा शेतकऱ्याचा. पहिली दोन वर्षं उत्पन्न कमी आणि भाव साधाच, कारण माल अजून सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. त्यानंतर भाव मिळतो, पण अळी आली की परत तो एकटा. गट माल विकताना एकत्र असतो. अळी आल्यावर किती जण त्या वावरात गेले होते?

काळी माती, राग मानू नका, पण हा प्रश्न तुम्हालाच आहे. त्या चार दिवसांच्या आभाळात तुम्ही त्यांच्या वावरात गेला होता का?

काळी माती | ३ डिसेंबर, रात्री ९.५५

नाही गेलो. माझ्याच तुरीत होतो.

शेवरी | ४ डिसेंबर, सकाळी ८.००

हिशेबनीसांचा प्रश्न लागला मला पण. पुढच्या वेळेसाठी कामाचं सांगतो. अकोल्याकडे आम्ही हे करतो.

अळी मोठी झाली की सेंद्रियवाल्याच्या हातात फार काही राहत नाही, म्हणून सगळा खेळ लहान अळीचा. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) फुलोऱ्याआधीच लावायचे. सापळ्यात पतंग वाढले की पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळीचा अर्क शंभर लिटर पाण्याला. मग एचएएनपीव्ही, हा अळीलाच होणारा विषाणू आहे. फवारायचा संध्याकाळी, कारण उन्हात तो मरतो. आमच्याकडे त्यात थोडी कपड्याची नीळ टाकतात, उन्हापासून आडोसा म्हणून. अळी लगेच मरत नाही, पाच-सहा दिवस लागतात, तेवढा दम धरावा लागतो. मग मेलेल्या अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वावरातच खाली बसलो होतो आनंदाने.

मोठ्या अळीला एकच उपाय, तुरीखाली जुनं धोतर किंवा ताडपत्री धरून झाड हलवायचं. अळ्या पटापट पडतात, त्या वेचून मारायच्या. पक्षीथांबे, म्हणजे अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या, आहेतच. पण दोन एकर तूर एकट्याने हलवून होत नाही. सात घरं आली तर एका सकाळी होते.

गावरान | ४ डिसेंबर, दुपारी २.४५

मी अकोले तालुक्यातली. अकोला नाही हं शेवरीदादा, अकोले. पार्सलं नेहमी तुमच्याकडे जातात!

इतक्या प्रतिक्रिया वाचल्या. सात पुरुषांचा गट, पुरुषांची बैठक, पुरुषाने मारलेलं औषध. पऱ्हाटीदादांचा हात धरला तो बायकोने. मग काळी मातीदादा, तुमच्या गटात बाया कुठे आहेत?

आमच्या भागात देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे आहेत, कोंभाळण्याच्या. सगळ्यांना माहीत आहेत, २०२० ची पद्मश्री. पण बाहेरचे लोक त्यांच्याकडे एक नवलाची बाई म्हणून बघतात. आम्ही त्यांच्याकडून जे घेतलं ते वेगळं आहे. बियाणं एका घरात नाही राहत, ते फिरतं राहतं. एकीने वालाचं बी दिलं की पुढच्या वर्षी दुप्पट परत करायचं. वाल, घेवडा, नाचणी, वरई, भाताच्या जुन्या जाती, सगळं असंच हिंडतं. ज्या बाईकडे माझं बी आहे तिच्या शेतात काय चाललंय, हे बघायला मी जातेच. मुद्दाम तपासणी करावी लागत नाही.

भुईमूग | ४ डिसेंबर, दुपारी ३.१०

गावरानताई, अगदी. माझ्या तीन गटांपैकी ज्या गटात बाया बैठकीला बसतात, त्यांच्याच नोंदवह्या पूर्ण असतात. बाकी दोन गटांत मार्च आला की मला फोन करून करून भरून घ्याव्या लागतात.

मांजराकाठ | ४ डिसेंबर, रात्री ८.३०

लातूरहून. बायांचा विषय निघाला म्हणून.

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडे घरं बांधायच्या कामात बायांचे गट उभे राहिले. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यातूनच वाढली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी एक एकराची पद्धत काढली. बाईने घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा, तिथे काय लावायचं ते तिने ठरवायचं. सोयाबीनऐवजी डाळी, भाज्या, बाजरी, घरात खाता येईल असं. त्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

माझी आई त्यात होती. आजोबांनी दिलेला एकर म्हणजे बांधाकडचा, मुरमाड, कुणाला नको असलेला. पाचव्या वर्षी घरात भाजीवर पैसे जाणं बंद झालं. मग आजोबांनी आपणहून सांगितलं, वरचा तुकडा पण तुझ्याकडे घे.

ज्या जमिनीवर घर खातं तिथे बाई औषध मारू देत नाही. विकायच्या जमिनीवर ती काही बोलू शकत नाही, कारण तो पैसा तिच्या हातात येत नाही. तुमच्या त्या भावाच्या घरी विचारा, बाटली आणायला गेले तेव्हा वहिनींना माहीत होतं का.

रानवारा | ५ डिसेंबर, सकाळी ९.००

विषय भरकटतोय. एका माणसाने नियम मोडला, एवढंच आहे. आणि खरं सेंद्रिय करायचं तर आधी देशी गाय बांधा, जीवामृत द्या, अळी येणारच नाही.

शेवरी | ५ डिसेंबर, सकाळी ९.४०

रानवारा, मी एकरी दोनशे लिटर जीवामृत नेमाने देतो. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, सगळं पाळून. जमीन भुसभुशीत झाली, गांडूळ दिसायला लागलं, हे शंभर टक्के खरं. पण घाटेअळीचा पतंग उडत येतो, तो जमीन बघून उतरत नाही. अळी येणारच नाही असं नव्या माणसाला सांगू नका. पहिल्या आभाळात त्याचा विश्वास उडतो आणि तो दुप्पट औषध घेऊन येतो. हे मी तीन गावांत पाहिलंय.

माडबाग | ५ डिसेंबर, दुपारी १२.२०

गोव्याच्या हद्दीवरून, सावंतवाडीकडून. एकमेकांची तपासणी करायची ही कल्पना आपल्या देशात रुजली त्यात गोव्याचा मोठा वाटा आहे, २००६ च्या सुमारास तिथे बैठका झाल्या होत्या. तेव्हा सरकारी पद्धत नव्हती. बाहेरून तपासणीस बोलवायचा तर त्याचा खर्च छोट्याला झेपत नाही, म्हणून हा मार्ग निघाला. ब्राझीलमध्ये, फ्रान्समध्येही असंच.

आमच्या गटात काजूवाल्याच्या शेजारी फवारणीची आंब्याची बाग आली. वारा त्याच्याकडून आमच्याकडे. भांडून बघितलं, उपयोग नाही. शेवटी आमच्या हद्दीवरच्या काजूच्या दोन ओळी आम्ही सेंद्रियमधून वगळल्या आणि तसं लिहून ठेवलं. तो शेजारी पुढे आमच्याकडून निंबोळी पेंड न्यायला लागला. अजून फवारतो, पण आधी फोन करतो.

सीमेवरचा | ५ डिसेंबर, रात्री १०.१५

देगलूरहून. आमच्यापासून तेलंगणातलं झहीराबाद फार लांब नाही. तिथे पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचे बायांचे संघम, म्हणजे गट, आहेत, बहुतेक दलित बाया, छोट्या तुकड्यांवर ज्वारी, राळा, तूर, असं वीस-वीस प्रकारचं एकाच शेतात पेरणाऱ्या. २००८ पासून त्यांचा स्वतःचा रेडिओ आहे. मी दोनदा जाऊन आलो.

मला तिथली एक गोष्ट लक्षात राहिली. इतकी पिकं एका शेतात असली की एखादं गेलं तरी बाई रात्री बॅटरी घेऊन उठत नाही. काळी मातीभाऊ, तुमच्या भावाचं पोरीच्या लग्नाचं सगळं गणित दोन एकर तुरीवर होतं. अळीपेक्षा मला त्याचीच भीती वाटते.

हिशेबनीस | ६ डिसेंबर, सकाळी ७.५०

हे पटलं. मी रसायनवाला असून सांगतो, हे पटलं.

जपानमध्ये १९७० च्या दशकात घरं आणि शेतकरी थेट जोडले गेले, तेइकेई म्हणतात त्याला. काही ठिकाणी घरं हंगामाआधी पैसे देतात आणि पीक कमी आलं तर कमी घेतात. एक ग्राहक, तुमच्यासारखी साठ घरं जूनमध्ये थोडी रक्कम आगाऊ देतील का? तो पैसा कुणा एकाचा नाही, गटाचा. अळी, गारपीट, जे येईल त्यासाठी.

एक ग्राहक | ६ डिसेंबर, सकाळी ११.०५

आमच्या सोसायटीत मी विचारते. मी स्वतः देईन. सगळे देणार नाहीत, खरं तेच लिहिते.

काळी माती | १९ डिसेंबर, रात्री १०.३०

मंडळी, उशीर झाला. काय झालं ते सांगतो.

६ तारखेला मी त्याच्या वावरात गेलो. पऱ्हाटीभाऊ, तुम्ही म्हणाल्याप्रमाणे जवळ बसलो. तासभर कुणीच बोललं नाही. मग मीच म्हणालो, मी त्या चार दिवसांत आलो नाही, ते माझं चुकलं. तो रडला. मांजराकाठ, तुमचा प्रश्न मी वहिनींना विचारला. त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर हात धरला असता का, असं विचारलं. म्हणाल्या, "हात कशाले धरू, मी सकाळीच तुमच्या घरी आली असती."

१० तारखेला बैठक घेतली. पहिल्यांदा सातही घरच्या बाया बसल्या. माझ्या आईलाही आणलं. पाच तास चालली. ठरलं ते असं. त्याची शेती पुन्हा संक्रमणात, दोन वर्षं. यंदाची त्याची तूर गटाच्या नावाने जाणार नाही, तो बाजार समितीत विकेल. नोंदवहीत सगळं लिहिलं, सही त्याने पहिली केली. सापळ्यात पतंग वाढले की ज्याच्या वावरात पहिले दिसतील त्याने सगळ्यांना सांगायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे सातही घरं तिथे. आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक किलोमागे दोन रुपये बाजूला, त्याचा डबा दोन बायांकडे, एका घरच्या नाहीत अशा.

घेणाऱ्या साठ घरांना मी स्वतः लिहून कळवलं, कुणाचं नाव न घेता. चार घरांनी घेणं थांबवलं. नऊ घरांनी विचारलं, जूनमध्ये किती पाठवायचे. बाकीच्यांनी काही लिहिलं नाही, पण त्यांची मागणी आली आहे.

रानवारा, तुमच्यासारखंच म्हणणारा एक जण आमच्यातही होता. शिक्षा कमी झाली म्हणून तो गट सोडून गेला. त्याची शेती आमच्यात सगळ्यात चांगली होती. त्याच्या ओसरीवर मी दोनदा जाऊन आलो, अजून बोलत नाही. आता सहा आहोत. भुईमूगताई, पाचाच्या वर आहोत.

रानवारा | १९ डिसेंबर, रात्री ११.००

मी अजूनही काढलंच असतं. पण तुम्ही लपवलं नाहीत, हे मोठं आहे. गेलेल्या माणसाकडे तिसऱ्यांदा जा. मी त्याच्या जागी असतो तर वाट बघत असतो.

पऱ्हाटी | २० डिसेंबर, सकाळी ५.५०

काळी मातीभाऊ, जानेवारीत शेंगा उकडाल तेव्हा सांगजा. मी येतो. सोबत बायकोले बी आणतो, तुमच्या वहिनीले भेटाचं हाय तिले.

शेवरी | २० डिसेंबर, सकाळी ८.२०

मी पण. आणि एचएएनपीव्हीची बाटली आधीच आणून ठेवा, ऐन आभाळात मिळत नाही. सावलीत, थंड जागी ठेवायची, पत्र्याच्या शेडमध्ये नको.

काळी माती | २० डिसेंबर, रात्री ९.१५

या सगळे. तारीख कळवतो. शेवरीभाऊ, फ्रीज आईच्या ताब्यात आहे, तिला विचारून ठेवतो.